विषाचा प्याला आणि चित्रकाराचा हात

सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षाला असताना आमच्या वर्गात फळ्याच्या उजव्या अंगाला एक तसबीर टांगलेली असे. काळ्या-पांढऱ्या छपाईची, पावसाळ्यात ओल धरून कडेने पिवळी पडलेली. एक उघड्या अंगाचा दाढीवाला पुरुष पलंगावर बसला आहे, त्याचा एक हात वर उचललेला आहे, दुसरा एका प्याल्याकडे गेला आहे आणि भोवताली माणसे रडत आहेत. खाली नाव होते : 'सॉक्रेटिसचा मृत्यू'. एके दिवशी आमच्या वृद्ध प्राध्यापक फादरांनी छडीचे टोक चित्रातील एका आकृतीवर ठेवले आणि विचारले, "पलंगाच्या पायथ्याशी पाठ फिरवून बसलेला हा म्हातारा कोण?" कुणी म्हणाले, तुरुंगाचा अधिकारी असेल, कुणी म्हणाले, सॉक्रेटिसचा वडीलभाऊ. फादर शांतपणे म्हणाले, "हा प्लेटो. आणि प्लेटो त्या दिवशी तेथे नव्हता." एवढ्यात घंटा झाली आणि तास संपला.

जो तेथे नव्हता त्याला चित्रकाराने तेथे का बसविले, हा प्रश्न आमच्या मनात तेव्हापासून घर करून आहे. पुढे वाचन वाढले, त्या चित्रामागची रेखाटने आणि त्या चित्रकाराचे चरित्र यांची माहिती होत गेली, तसतसे त्या प्रश्नाचे वजन वाढत गेले. आज तो विषय वाचकांपुढे मांडावा असे वाटते.

अथेन्समधील तो दिवस

प्रसंग इसवी सन पूर्व ३९९ मधील आहे. सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसवर मेलेटस, अ‍ॅनिटस व लायकॉन या तिघांनी खटला भरला. नगराच्या देवतांना तो मानत नाही, नवी दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवितो, असे आरोप होते. सुमारे पाचशे नागरिकांच्या न्यायसभेने त्याला दोषी ठरविले व मृत्युदंड दिला. पण अथेन्सचे पवित्र जहाज डेलॉस बेटाच्या यात्रेला गेले होते आणि ते परत येईपर्यंत नगरात कुणाला देहदंड देता येत नसे. त्यामुळे सुमारे महिनाभर तो कैदेत राहिला. या काळात त्याचा जुना मित्र क्रिटो याने पळून जाण्याची सारी तजवीज केली होती. सॉक्रेटिसने ती नाकारली. ज्या नगराच्या कायद्याच्या छायेत आयुष्य काढले तो कायदा स्वतःवर उलटताच मोडावयाचा, हे त्याला मान्य नव्हते.

शेवटच्या दिवसाचे वर्णन प्लेटोच्या 'फीडो' या संवादात आहे. सकाळी मित्र आत गेले तेव्हा सॉक्रेटिसच्या पायांतील बेड्या नुकत्याच काढल्या होत्या. त्याची पत्नी झांटिपी मूल घेऊन शेजारी बसली होती. ती आक्रोश करू लागली तेव्हा तिला क्रिटोच्या माणसांबरोबर घरी पाठविण्यात आले. मग दिवसभर आत्म्याच्या अमरत्वावर चर्चा चालली. सायंकाळी तुरुंगाचा सेवक निरोप घ्यावयास आला आणि रडत पाठ फिरवून निघून गेला. डोंगरावर अजून ऊन आहे, घाई नको, असे क्रिटो विनवीत राहिला. पण सॉक्रेटिसने प्याला मागविला. तो हातात आल्यावर त्याने प्रार्थना केली आणि शांतपणे विष प्राशन केले. तेव्हा मात्र मित्रांचा बांध फुटला. स्त्रियांना याचसाठी तर दूर पाठविले होते, असे सांगून त्याने त्यांनाच आवरले. मग तो फेऱ्या घालू लागला. पाय जड झाले तसा उताणा निजला. पायांकडून गारठा वर चढत गेला. आरोग्यदेव अस्क्लेपियस याला एक कोंबडा द्यावयाचा राहिला आहे, त्याची आठवण क्रिटोला देऊन त्याने प्राण सोडला.

त्या दिवशी हजर असलेल्यांची यादीच प्लेटोने दिली आहे. संवादाचा निवेदक फीडो धरून ती पंधरा नावांची आहे. आणि त्याच यादीत एक छोटेसे वाक्य निवेदकाच्या तोंडी येते, की प्लेटो बहुधा आजारी होता. स्वतःच्या गुरूच्या मृत्यूची कथा लिहिताना, आपण तेथे नव्हतो ही गोष्ट प्लेटोने लपविली नाही.

इतिहासचित्राची शिस्त

हा प्रसंग रेखाटणे युरोपच्या चित्रकारांना इतके महत्त्वाचे का वाटावे, हे कळण्यासाठी 'इतिहासचित्र' ही कल्पना समजून घ्यावयास हवी. फ्रान्सची राजकीय चित्रकला अकादमी १६४८ साली स्थापन झाली. तिच्या विचारवंतांनी, विशेषतः फेलिबियाँने, चित्रप्रकारांची एक उतरंडच लावून दिली. फळाफुलांचे चित्र तळाशी, त्यावर निसर्गचित्र, मग प्राण्यांचे चित्र, मग व्यक्तिचित्र. आणि सर्वांत वर इतिहास, म्हणजे बायबल, पुराणकथा व प्राचीन ग्रंथ यांतील माणसांच्या थोर कृतींचे चित्रण. कारण त्यासाठी हाताइतकीच बुद्धी व वाचन लागते.

या प्रकाराचा पाया रेखाटन हा होता. इटालियन पंडित आल्बेर्ती याने १४३५ साली चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात सांगून ठेविले होते, की माणूस काढताना आधी हाडे, मग स्नायू, मग कातडी आणि शेवटी वस्त्रे काढावीत. प्रसंगात नऊ-दहापेक्षा अधिक माणसे नसावीत असेही तो सुचवितो; गर्दी झाली की अर्थ हरवतो. चित्रकार प्रथम लहान कागदावर प्रसंगाची मांडणी करी. मग एकेका आकृतीसाठी जिवंत माणूस समोर बसवून, आधी विवस्त्र व नंतर वस्त्रांसह, काळ्या खडूने अभ्यास करी. खोलीचे यथादर्शन पट्टीने आखी. शेवटी पक्क्या रेखाटनावर चौकटी आखून त्याच प्रमाणात आकृत्या कॅनव्हासवर उतरवी. रंग त्यानंतर येई.

आणखी एक अडचण होती. कथाकाराला सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा अवधी मिळतो. चित्रकाराला एकच क्षण मिळतो. तो कोणता घ्यावा? जर्मन लेखक लेसिंग याने १७६६ मध्ये 'लाओकून' या प्रबंधात याचे उत्तर दिले. शेवटचा, टोकाचा क्षण दाखवू नये, कारण त्यापुढे प्रेक्षकाच्या कल्पनेला वाव राहत नाही. ज्याच्या पोटात मागचे व पुढचे सारे सामावले आहे असा क्षण निवडावा. तत्त्ववेत्त्याच्या मृत्यूला हा नियम चपखल लागू पडतो. प्रेत दाखवून काय कळणार? सॉक्रेटिसचे प्रेत आणि चोराचे प्रेत दिसावयास सारखेच. मरण पुढे आले असता तो काय करतो, हेच दाखवावयाचे असते.

आधी सेनेका

सॉक्रेटिसच्या जोडीने या परंपरेत आणखी एका तत्त्ववेत्त्याचा मृत्यू येतो. इसवी सन ६५ मध्ये सम्राट नीरोने आपला एके काळचा गुरू सेनेका याला आत्महत्येची आज्ञा दिली. टॅसिटसने आपल्या इतिहासात ती हकिगत दिली आहे. सेनेकाने शिरा कापून घेतल्या, पण वृद्ध, कृश देहातून रक्त सावकाश वाहू लागले. मग त्याने अथेन्समध्ये दिले जाई तेच विष मागविले. तेही लागू पडले नाही. शेवटी उष्ण स्नानाच्या वाफेत त्याचा श्वास कोंडला. पत्नी पाउलिना हिनेही शिरा कापून घेतल्या होत्या. नीरोच्या हुकमाने तिला वाचविण्यात आले.

ख्रिस्ती वाचकांना सेनेका अगदीच परका नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात करिंथ येथे ज्याच्यापुढे संत पौलाला उभे केले, तो गल्लियो हा सेनेकाचा सख्खा भाऊ. पौल व सेनेका यांचा म्हणून एक पत्रव्यवहार प्राचीन काळी प्रचारात होता. तो बनावट आहे हे पुढे सिद्ध झाले, पण त्याच्याच आधारे संत जेरोमने आपल्या थोर पुरुषांच्या यादीत सेनेकाला स्थान दिले होते.

सतराव्या शतकाच्या आरंभी रूबेन्सने सेनेकाचा मृत्यू रंगविला. तो आज म्युनिकमध्ये आहे. पाण्याच्या पात्रात उभा असलेला म्हातारा, वर वळलेले डोळे, शेजारी वैद्य, शेवटचे शब्द टिपून घेणारा लेखनिक. हुतात्म्याच्या वेदीचित्रासारखीच ही मांडणी आहे. गंमत अशी, की रूबेन्सने ज्या प्राचीन पुतळ्यावरून तो देह रेखाटला तो 'मरणारा सेनेका' म्हणून रोममध्ये प्रसिद्ध होता. प्रत्यक्षात तो एका म्हाताऱ्या कोळ्याचा पुतळा निघाला. आयुष्यभर जाळे ओढून वाकलेला एक अनाम देह तत्त्ववेत्त्याचा म्हणून शेकडो लोकांनी आदराने पाहिला! आम्हाला यात वावगे वाटत नाही. धीराने मरणारे सगळेच काही ग्रंथ लिहून मरत नाहीत.

१७७३ साली पॅरिसच्या अकादमीने रोमच्या शिष्यवृत्तीच्या स्पर्धेसाठी हाच विषय दिला. स्पर्धकांत पंचवीस वर्षांचा झाक लुई दाविद होता. आदल्या वर्षी याच स्पर्धेत अपयश आल्यावर त्याने खोलीचे दार लावून घेऊन अन्नत्यागाने मरण्याचा प्रयत्न केला होता. मित्रांनी व शिक्षकांनी त्याला परत फिरविले. आता त्याने सेनेका रंगविला. ते चित्र पॅरिसच्या प्ती पाले संग्रहालयात आहे. फडफडणारी वस्त्रे, पसरलेले हात, नाटकाच्या शेवटच्या अंकासारखी धांदल. पारितोषिक पिएर पेरों याला मिळाले. दाविदला ते १७७४ साली, चौथ्या प्रयत्नात मिळाले आणि तो रोमला गेला.

रोममध्ये त्याचा हात बदलला. पाच वर्षे तो प्राचीन पुतळे, थडग्यांवरील उठावशिल्पे आणि जुन्या आचार्यांची चित्रे वह्यांत उतरवीत राहिला. शेकडो रेखाटनांच्या या तपश्चर्येत गोंधळ गळून पडला आणि उठावशिल्पासारखी एका ओळीत स्वच्छ उभी राहणारी माणसे त्याच्या कागदावर येऊ लागली.

रेखाटनापासून चित्रापर्यंत

सॉक्रेटिसचा विषय त्या काळी हवेतच होता. अकादमीने तो १७६२ सालीच स्पर्धेला दिला होता. त्याआधी, १७५८ मध्ये, दिदरोने नाटकावरील आपल्या निबंधात सॉक्रेटिसच्या अखेरच्या प्रसंगाची मूकदृश्ये कशी असावीत याचा आराखडा दिला होता. दाविदने १७८२ साली या विषयाचे पहिले रेखाटन केले. मग १७८६ च्या सुमारास त्रुदेन दे ला साब्लियेर या तरुण, श्रीमंत, सुधारणावादी न्यायाधिकाऱ्याने त्याच्याकडे हे चित्र मागितले आणि काम जोराने सुरू झाले.

या तयारीत एका धर्मगुरूचाही वाटा आहे, हे नमूद करावयास आम्हाला आनंद वाटतो. ऑरेटरी संघाचे विद्वान फादर आद्री यांचा सल्ला दाविदने घेतला होता. कोण हजर होते, कोण कसे वागले, याची शहानिशा चित्रकार एका ग्रंथवाचक धर्मगुरूकडे करीत होता.

२०२२ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने मुख्यत्वे दाविदच्या रेखाटनांचे मोठे प्रदर्शन भरविले. चित्रे तयार होऊन येत नाहीत, ती कागदावर झगडून मिळवावी लागतात, हे त्यात अभ्यासकांना पाहावयास मिळाले. त्याच संग्रहालयात क्रिटोच्या आकृतीचा काळ्या खडूतील एक अभ्यास आहे. वस्त्राची एकेक चुणी त्यात तपासली आहे आणि कागदावर कॅनव्हाससाठीच्या चौकटी आखलेल्या दिसतात.

आता पुरे झालेले चित्र पाहू. ते सुमारे १३० सेंटिमीटर उंच व १९६ सेंटिमीटर रुंद आहे; १९३१ पासून ते मेट्रोपॉलिटनच्या मालकीचे आहे. मागे उघड्या दगडांची भिंत. मधोमध पलंगावर सॉक्रेटिस. चेहरा परंपरेतलाच, बसक्या नाकाचा; पण देह मात्र सत्तरीच्या म्हाताऱ्याचा नव्हे, कसलेल्या मल्लाचा. डावा हात वर, बोट आकाशाकडे. उजवा हात प्याल्याकडे. प्याला पुढे करणाऱ्या तांबड्या वस्त्रातील सेवकाने तोंड फिरवून डोळे झाकले आहेत. उजवीकडे क्रिटोने गुरूच्या मांडीवर हात घट्ट ठेवला आहे. त्याच्यामागे शिष्यांचा घोळका, कुणी तोंड झाकलेले, कुणी हात पसरलेले. अपोलोडोरस तर भिंतीला भिडला आहे. जमिनीवर बेड्या पडल्या आहेत. मागे, कमानीपलीकडच्या जिन्यावर, झांटिपी वळून हात उंचावून निरोप घेते आहे. आणि डावीकडे, पलंगाच्या पायथ्याशी, मान खाली घातलेला वृद्ध प्लेटो. त्याच्याजवळ जमिनीवर दौत आणि गुंडाळी.

ग्रंथाशी ताडून पाहिले तर दाविदने किती गोष्टी हलविल्या हे ध्यानात येते. झांटिपी सकाळीच गेली होती; तिला त्याने संध्याकाळच्या चित्रात जिन्यावर ठेवले. रडून पाठ फिरविणारा सेवक आणि विष आणणारा मनुष्य 'फीडो'त वेगळे आहेत. त्याने दोघांचा एक केला. पंधरा जणांची संख्या कमी केली. सकाळ, दुपार आणि संध्याकाळ एका दृष्टिक्षेपात मावावी म्हणून ही जुळवाजुळव आहे.

सर्वांत महत्त्वाचा निर्णय उजव्या हाताचा. दाविदच्या चरित्रकारांनी अशी हकिगत दिली आहे, की आरंभीच्या कल्पनेत सॉक्रेटिसने प्याला हातात घेतलेला होता. त्रुदेन बंधूंचा मित्र असलेल्या आंद्रे शेनिये या तरुण कवीने त्याला हरकत घेतली. सॉक्रेटिस आपल्या विचारात मग्न आहे; तो हात लांब करील खरा, पण बोलणे संपल्याशिवाय प्याला घेणार नाही, असे त्याचे म्हणणे पडले. दाविदने ते मानले. म्हणून आज त्या चित्रात हात आणि प्याला यांच्यामध्ये थोडीशी पोकळी आहे. सारे चित्र त्या पोकळीभोवती फिरते. बोटे प्याल्याला शोधतही नाहीत, टाळीतही नाहीत.

हे चित्र १७८७ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. त्याच प्रदर्शनात पेरोंनेही 'सॉक्रेटिसचा मृत्यू' मांडला होता. चौदा वर्षांपूर्वी सेनेकाच्या विषयावर जो जिंकला तो सॉक्रेटिसच्या विषयावर मागे पडला. त्या वेळी पॅरिसमध्ये असलेल्या टॉमस जेफरसनने एका पत्रात प्रदर्शनातील सर्वोत्तम चित्र म्हणून दाविदच्या सॉक्रेटिसचा उल्लेख केला आहे.

सात वर्षांनंतर

येथवरची हकिगत कलेच्या इतिहासात समाधानाने संपते. आमच्या प्राध्यापकांच्या प्रश्नाचे उत्तर मात्र पुढच्या सात वर्षांत दडलेले आहे.

१७८९ मध्ये फ्रेंच राज्यक्रांती झाली. दाविद तिच्यात पूर्णपणे उतरला. शेनियेने १७९१ मध्ये एक दीर्घ काव्य त्याला अर्पण केले. पण लवकरच दोघांच्या वाटा फुटल्या. १७९२ मध्ये दाविद नॅशनल कन्व्हेन्शनचा सदस्य झाला आणि जानेवारी १७९३ मध्ये राजाच्या देहदंडाच्या बाजूने त्याने मत दिले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तो सर्वसाधारण सुरक्षा समितीवर गेला. अटका व पोलिसी कारभार पाहणारी ही समिती होती. अनेक अटकेच्या हुकमांवर त्याची सही आहे. सॉक्रेटिसचा हात ज्याने रेखाटला त्याच हाताची ती सही.

१६ ऑक्टोबर १७९३ रोजी राणी मारी आंत्वानेत हिला गाडीतून वधस्थानी नेत असताना दाविदने तिचे शाईचे एक रेखाटन केले. ते लूव्र संग्रहालयात आहे. चार-दोन मिनिटांत काढलेल्या मोजक्या रेषा : कापलेले केस, डोक्यावर साधी टोपी, मागे बांधलेले हात, ताठ पाठ, मिटलेले ओठ. येथे यथादर्शन नाही, आधीचा अभ्यास नाही, वर उचललेले बोट नाही. खरोखर मरावयास निघालेले माणूस समोरून जात आहे आणि चित्रकार पाहतो आहे. त्याला तिच्याबद्दल कणव होती असे म्हणता येत नाही. तरीही त्या रेषांनी तिचे धैर्य नोंदवून ठेवले आहे.

मग १७९४ चा जुलै उजाडला. २५ तारखेला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, आंद्रे शेनियेचा गिलोटिनखाली शिरच्छेद झाला. प्याल्यापाशी हात थांबवावा असे सांगणारा तो हाच. दुसऱ्या दिवशी, २६ तारखेला, दोघे त्रुदेन बंधू त्याच वाटेने गेले. त्यांतल्या एकाच्या भिंतीसाठी ते चित्र काढले होते. आणि त्याच दिवशी संध्याकाळी जॅकोबिन मंडळाच्या सभेत रोबेस्पिएर बोलावयास उभा राहिला. आपला शेवट जवळ आल्याची जाणीव त्याच्या बोलण्यात होती. विष पिण्याची वेळ आली तरी आपण शांतपणे पिऊ, अशा अर्थाचे तो बोलला. तेव्हा दाविदने मोठ्याने सांगितले, की तू तो प्याला घेशील तर मीही तुझ्याबरोबर तो पिईन.

दुसरा दिवस २७ जुलैचा. कन्व्हेन्शनमध्ये रोबेस्पिएरला पकडण्यात आले. २८ तारखेला त्याचा वध झाला. २७ तारखेला दाविद सभेत नव्हता. आपण आजारी होतो, असे त्याने सांगितले.

ही गोष्ट आम्ही प्रथम वाचली तेव्हा वर्गातील ती तसबीर डोळ्यांपुढे उभी राहिली. प्लेटो बहुधा आजारी होता. दाविदही आजारी होता.

पुढे २ ऑगस्टला दाविदला अटक झाली. कैदेत त्याने स्वतःचे चित्र रंगविले. दुसऱ्या अटकेत, १७९५ मध्ये, सोबतच्या कैद्यांची गोल चौकटीतील रेखाटने केली. तो सुटला, नेपोलियनचा चित्रकार झाला, राजेशाही परत आल्यावर १८१६ मध्ये ब्रुसेल्सला निर्वासित म्हणून गेला आणि १८२५ च्या डिसेंबरात तेथेच वारला.

अनुपस्थितांची साक्ष

दाविदला ढोंगी ठरवून मोकळे होणे सोपे आहे. आम्हाला ते जमत नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूबरोबर मरावयासही तयार आहे असे म्हणणारा पेत्र त्याच रात्री एका दासीपुढे डळमळला, हे आपण दरवर्षी पवित्र सप्ताहात वाचतो. त्याच पेत्रावर ख्रिस्तसभा उभी आहे.

शिवाय त्या चित्राला स्वतःची मर्यादाही आहे. दुसऱ्या शतकातील तत्त्ववेत्ता आणि हुतात्मा संत जस्टिन याने सॉक्रेटिसला ख्रिस्तापूर्वीच्या ख्रिस्ती लोकांत गणले होते. इरॅस्मसच्या एका संवादातील पात्राला तर त्याला संत म्हणून विनविण्याचा मोह आवरत नाही. तथापि सॉक्रेटिसच्या प्याल्यापुढे आम्हाला नेहमी गेथसेमनीचा प्याला आठवतो. तेथे प्याला दूर व्हावा अशी प्रार्थना आहे, घाम आहे, मित्रांनी जागे राहावे ही विनवणी आहे. ऑस्कर कुलमन या पंडिताने १९५५ साली हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात या दोन मृत्यूंतील अंतर स्पष्ट केले होते. दाविदच्या चित्रात भीती आहे, पण ती सगळी इतरांच्या वाट्याला गेली आहे. सॉक्रेटिसकडे तिचा अंशही ठेवलेला नाही. शुभवर्तमान ती भीती प्रभूच्याच अंतःकरणात दाखविते. म्हणूनच ज्यांना मरणाचे भय वाटते त्यांना तेथे जागा मिळते.

येथे एक गोष्ट कबूल करणे भाग आहे. दीक्षा होऊन दोन वर्षे झाली असतील. एका पावसाळी रात्री एक मुलगा बोलवावयास आला. त्याचे आजोबा अत्यवस्थ होते, तैलाभ्यंग हवा होता. आम्हाला थोडा ताप होता. पहाटे येतो, असे सांगून आम्ही त्याला परत पाठविले. पहाटे पोहोचलो तेव्हा अंगणात बाके मांडली जात होती. तिसऱ्या दिवशी अंत्यविधीच्या मिस्सेत आम्ही ख्रिस्ती माणसाच्या शांत मरणावर प्रवचन केले. लोकांना ते आवडले. एका वृद्ध बाईने येऊन हात धरला आणि म्हणाली, "फादर, तुम्ही तर जणू काही तिथेच होता." त्या वाक्याने आजही मान खाली जाते.

म्हणून आता आम्हाला वाटते, की दाविदने प्लेटोला तेथे बसविले ते चुकून नव्हे. त्या दिवशी प्लेटो जेमतेम अठ्ठावीस वर्षांचा होता. चित्रात तो म्हातारा आहे. म्हणजे हा मृत्यूच्या दिवसाचा प्लेटो नसून पुढे आयुष्यभर तो दिवस आठवीत, लिहीत राहिलेला प्लेटो आहे. त्याच्यामागे जे चालले आहे ते त्याच्या स्मरणात चालले आहे. चित्रकाराने आपल्या नावाची आद्याक्षरे आणि रोमन आकड्यांत साल घातले ते प्लेटोच्या आसनाखाली. आणि आपले नाव पुन्हा एकदा घातले ते क्रिटोच्या आसनावर : जो हजर होता, ज्याने मांडी घट्ट धरून ठेवली आणि शेवटी उघडे राहिलेले डोळे मिटले, त्या क्रिटोच्या.

अशा दोन सह्या करताना दाविदच्या मनात काय होते हे सांगता येणार नाही; १७८७ मध्ये त्याला १७९४ ठाऊक नव्हते. पण पाहणाऱ्याला त्या दोन्ही जागा रिकाम्या दिसतात. एक आहे क्रिटोची : रात्री बोलावणे आले की उठून जाण्याची. दुसरी आहे प्लेटोची : जाणे झाले नाही तर ते न लपविता, खाली मान घालून, जे घडले ते खरे लिहून ठेवण्याची. पहिली जागा श्रेष्ठ, यात शंका नाही. आमच्या वाट्याला पुष्कळदा दुसरी येते. त्या रात्रीनंतर मात्र आमच्या दाराशी आलेल्या कुणाला आम्ही पहाटेपर्यंत थांबविलेले नाही.